मागचा जाड स्वे बार बसवताय? आधी पावसाचा विचार करा

चोर्ला घाट उतरून केरीकडे येताना छोटी गाडी वळणात काय करते, हे साखळी-वाळपई भागातल्या माणसाला सांगायला नको. स्टिअरिंग फिरवलं तरी नाक बाहेरच्या कठड्याकडे ओढ घेतं, गाडी एका अंगावर कलते आणि मागे बसलेली मंडळी दरवाजाला टेकतात. मग कुणीतरी सांगतं, मागे जाड स्वे बार टाक, गाडी चिकटून वळेल. सांगणारा खोटं बोलत नसतो, पण अर्धंच सांगतो. उरलेलं अर्धं इथे लिहितो आहे, कारण जिवाचा प्रश्न त्या अर्ध्यात आहे.

गॅरेजमध्ये याला स्टॅबिलायझर बार किंवा अँटी-रोल बारही म्हणतात. स्प्रिंग स्टीलची, साधारण इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवलेली कांब. तिचा मधला भाग दोन बुशांत (रबराच्या किंवा प्लास्टिकच्या पकडींत) धरून गाडीच्या खालच्या सांगाड्याला बांधलेला असतो आणि दोन टोकं छोट्या लिंकांनी (जोडदांड्यांनी) डाव्या-उजव्या चाकांच्या आर्मला, म्हणजे चाक धरणाऱ्या लोखंडी हाताला, जोडलेली असतात. दोन्ही चाकं एकदम वर गेली तर कांब बुशात नुसती फिरते, तिचा काही जोर लागत नाही. वळणात बाहेरचं चाक वर दाबलं जातं, आतलं खाली लोंबू बघतं, तेव्हा मात्र कांब पिळली जाते. त्या पिळाला ती विरोध करते, म्हणून गाडी कमी कलते.

आता मुख्य गोष्ट. वळणात आतल्या चाकांवरचं वजन बाहेरच्या चाकांवर जातं. एकूण किती जाईल हे गाडीचा वेग, वळण, गाडीची उंची आणि रुंदी ठरवतात. बार जाड केल्याने ते वजन कमी होत नाही. बार फक्त एवढंच ठरवतो की त्यातलं किती ओझं पुढच्या जोडीने घ्यायचं आणि किती मागच्या. जत्रेतली पालखी डोळ्यांसमोर आणा. वळताना बाहेरच्या दोघांच्या खांद्यावर भार येतो. मागचा बार जाड केला की मागच्या बाहेरच्या भोयाने जास्त भार उचलला आणि मागच्या आतल्याचा खांदा जवळजवळ रिकामा झाला. पुढच्या दोघांना तेवढा आराम मिळाला. टायरचंही तसंच आहे. दुप्पट वजन टाकल्याने टायर दुप्पट पकड देत नाही, थोडी कमीच देतो. त्यामुळे जी जोडी असमान भार वाहते तिची एकूण पकड घटते. नाक नीट वळतं, कारण मागची पकड तुम्ही कमी केलेली असते. बारने पकड वाढली असं कुणी म्हणालं तर त्याला विचारा, कुठल्या चाकांची?

कोरड्या रस्त्यावर हा सौदा फायद्याचा ठरतो. कंपन्या छोट्या गाड्या मुद्दाम नाक बाहेर जाणाऱ्या बनवतात, कारण घाबरलेला माणूस ऍक्सिलरेटर सोडतो आणि अशी गाडी आपोआप सावरते. मागची पकड फार कमी केलेली गाडी तशी सावरत नाही.

हे मी अनुभवाने शिकलो. माझ्या आधीच्या गाडीला मे महिन्यात बार बसवला आणि त्याच्या टोकाच्या तीन भोकांपैकी सगळ्यात कडक, म्हणजे बारला सगळ्यात जास्त जोर देणाऱ्या, भोकात लिंक लावली. महिनाभर गाडी फार छान चालली. जूनच्या पहिल्या मोठ्या सरीनंतर त्याच घाटातून उतरत होतो, मागे आई बसली होती. रस्त्यावर तांबडी माती वाहून आलेली, एका वळणावर जांभळं पडून चिरडलेली. वेग जास्त नव्हता. वळणाच्या मध्यावर समोरून ट्रक दिसला आणि मी ऍक्सिलरेटरवरून पाय काढला. वजन पुढे गेलं, आधीच हलकी झालेली मागची चाकं सुटली आणि गाडीची शेपटी बाहेर फिरली. स्टिअरिंग उलट फिरवून गाडी सावरली, पण ती डोंगराच्या बाजूच्या गटाराला लागूनच थांबली. कुणाला लागलं नाही. आई नंतर बराच वेळ काही बोलली नाही. बार चांगला होता, बसवणंही बरोबर होतं. मागचे टायर गुळगुळीत झालेले होते आणि भोक चुकीचं निवडलेलं होतं.

म्हणून पैसे बारवर घालायच्या आधी टायरवर घाला. कायद्याला टायरची खाच किमान १.६ मिमी लागते. आपल्याकडच्या पावसात ३ मिमीखाली गेलेला टायर मी तरी ठेवत नाही. चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच जातीचे असावेत. दोनच नवे घेत असाल तर नवी जोडी मागे टाका. बरेचजण पुढे टाकतात, कारण पुढचे लवकर झिजतात. जाड बार असलेल्या गाडीत ती चूक महाग पडते. हवा दरवाजाच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे भरा. शॉकअपमधून तेल गळतंय का, जुन्या लिंकांत खेळ आहे का, हेही बघा. थकलेल्या शॉकअपवर नवा बार बसवण्यात अर्थ नाही.

तुमच्या गाडीला हा बार बसतो का

इथे पुष्कळांची फसगत होते. स्विफ्ट, बलेनो, आय-ट्वेंटी, पोलो या गाड्यांना मागे टॉर्शन बीम असतो, म्हणजे दोन्ही मागची चाकं एका पिळल्या जाणाऱ्या आडव्या तुळईने जोडलेली असतात. ती तुळईच स्वे बारचं काम करते. अशा गाडीचा जास्तीचा बार तुळईच्या दोन बाजूंना बोल्टने बांधला जातो, त्याला लिंक नसतात. तो फक्त त्याच मॉडेलसाठी बनवलेला आणि असलेल्या भोकांत बसणारा घ्या. तुळईला नवीन भोक पाडू नका, वेल्डिंग तर अजिबात नको. रोज पिळ खाणाऱ्या स्टीलला आच लागली की तिथूनच तडा जातो आणि तो तडा दिसायला लागेपर्यंत उशीर झालेला असतो.

जुनी सिव्हिक, लॉरा यांसारख्या गाड्यांना मागे स्वतंत्र सस्पेन्शन असतं आणि वेगळा बार असतो. पुढच्या पायऱ्या मुख्यतः त्यांच्यासाठी आहेत. त्यातही काही मॉडेलमध्ये बार बाहेर काढायला मागचा सबफ्रेम (सस्पेन्शन धरणारी लोखंडी चौकट) खाली उतरवावा लागतो. तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये तसं असेल तर ते काम घरी करू नका. लिफ्ट असलेल्या गॅरेजमध्ये न्या आणि समोर उभं राहून करून घ्या.

किती जाड घ्यायचा? भरीव कांबेचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. १९ मिमीचा बार काढून २२ मिमीचा घातला तर वाढ फक्त ३ मिमी दिसते, पण कडकपणा सुमारे ८० टक्क्यांनी वाढतो. १६ चा १९ केला तर जवळपास दुप्पट होतो. पोकळ बारची भरीव बारशी नुसत्या व्यासावरून तुलना करू नका : बाहेरून २४ आणि आतून १६ मिमीची नळी साधारण २२.७ मिमीच्या भरीव कांबेइतकी कडक असते. पहिल्यांदा बसवणाऱ्याने एक पायरी वर जावं, दोन नव्हे. दोन-तीन भोकांचा, कडकपणा बदलता येणारा बार मिळाला तर उत्तम. बारबरोबर जाड ब्रॅकेटही घ्या. कडक बार ब्रॅकेटवर जास्त ओढ देतो आणि पातळ पत्रा तिथूनच फाटतो.

कागदपत्रं

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या बदलांची मर्यादा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ प्रमाणे परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. बार विकत घेण्याआधीच वाहतूक खात्याच्या कार्यालयात विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवून लेखी उत्तर घ्या. तोंडी 'चालेल हो' वर जाऊ नका. अपघातानंतर ते शब्द कुणालाच आठवत नाहीत.

जागा आणि हत्यारं

सपाट, टणक, सिमेंटची जागा हवी. अंगणातली माती उन्हात दगडासारखी वाटते, पण जॅकच्या पायाखाली ती दबते, आणि पाऊस पडून गेला असेल तर हमखास दबते. पेव्हरवर काम करत असाल तर प्रत्येक स्टँडखाली जाड प्लायवूडचा तुकडा किंवा लोखंडी पत्रा घाला.

आणि चिरा, म्हणजे जांभा दगड. आपल्या प्रत्येक घराच्या मागे चार-पाच चिरे पडलेले असतात आणि गाडी उचलली की हात आपोआप त्यांच्याकडे जातो. भिंतीत चिरा पिढ्यानपिढ्या टिकतो, कारण भार त्याच्या अख्ख्या पाठीवर पसरलेला असतो. गाडीच्या खालची पत्र्याची धार सगळं वजन बोटभर जागेवर टाकते. सच्छिद्र चिरा तिथे आधी चुरतो आणि मग एकदम दुभंगतो. आमच्या शेजारी एका मुलाने असाच चिरा लावला होता. तो पाना आणायला घरात गेला तेवढ्यात गाडी खाली बसली. गाडीखाली चिरा नको, सिमेंटचा ब्लॉक नको, एकट्या जॅकवर तर एक बोटही आत घालू नका. दोन चांगले जॅक स्टँड घ्या. तेवढे पैसे नसतील तर हे काम पुढे ढकला.

बाकी हत्यारं : हायड्रॉलिक ट्रॉली जॅक, गोटी पान्यांचा सेट, रिंग पाने, एलन की, टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना), वायर ब्रश, गंज सोडवणारं तेल, बुशांसाठी सिलिकॉन ग्रीस, चष्मा, हातमोजे. नवे नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, सहज सैल न होणारे) आणा, काढलेले परत वापरू नका. आणि घरात एक मोठं माणूस हाकेच्या अंतरावर असू द्या, जे गरज पडली तर १०८ ला फोन करेल.

काम

आदल्या संध्याकाळी सगळ्या बोल्टांच्या आट्यांवर वायर ब्रश मारा आणि गंज सोडवणारं तेल सोडा. किनाऱ्याजवळच्या खाऱ्या हवेत इथले बोल्ट लवकर धरतात. सकाळी परत एकदा तेल सोडा. सायलेन्सर गार असताना काम सुरू करा.

गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा, ऑटोमॅटिक असेल तर पार्कमध्ये. याचं कारण नीट समजून घ्या : हॅन्डब्रेक मागच्या चाकांना असतो आणि तीच चाकं तुम्ही उचलणार आहात. ती हवेत गेली की गाडी धरून ठेवायला फक्त गिअरमध्ये अडकलेली पुढची चाकं उरतात. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा. मागच्या चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करा.

जॅक मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागीच लावा. टॉर्शन बीमच्या मध्यावर लावू नका, तो वाकतो. एक बाजू थोडी, मग दुसरी थोडी, असं करत दोन्ही बाजू सारख्या उंचीवर आणा आणि स्टँडवर ठेवा. उंची सारखी असण्याचं कारण सुरक्षेचंच आहे. एक चाक वर आणि एक खाली असेल तर बार पिळलेला राहतो. अशा बारची लिंक सोडली की टोक झटक्याने सुटतं आणि मनगट मोडू शकतं. चाकं काढून कडेच्या पट्टीखाली आडवी सरकवा. स्टँड निसटलाच तर गाडी चाकावर बसेल, तुमच्या छातीवर नाही. मग गाडीखाली जाण्याआधी तिला हाताने जोरात हलवून बघा. हलायची असेल तर आत्ताच हलू दे.

बोल्ट सोडण्याआधी मोबाईलवर फोटो काढा, विशेषतः बुशाची चीर कुठल्या दिशेला आहे आणि ब्रेकची नळी, एबीएसची वायर कुठून जाते यांचे.

आधी दोन्ही लिंक सोडा. नट फिरवायला गेलात की आतला खिळाच फिरायला लागतो. त्याच्या टोकाला एलन कीचं भोक असतं. एलन कीने खिळा धरून ठेवा आणि नट रिंग पान्याने फिरवा. चिमट्याने रबरी टोपी पकडू नका, ती फाटली की त्यात पाणी आणि माती शिरते आणि एका पावसात लिंक खडखडायला लागते. नट अगदीच बसलेला असेल तर लिंक कापून नवी घालणं शहाणपणाचं. मग मधली ब्रॅकेट सोडा. शेवटचा बोल्ट काढताना एक हात बारखाली ठेवा, तो वाटतो त्यापेक्षा जड असतो. बार थोडा फिरवत, सायलेन्सर आणि ब्रेकच्या नळ्यांना न लागता एका बाजूने बाहेर काढा.

जुना आणि नवा बार जमिनीवर शेजारी ठेवून जुळवा. वाकण, टोकांची लांबी, बुशाची जागा. जाडी सोडून कशात फरक दिसला तर तिथेच थांबा आणि दुकानदाराला फोन करा.

बुश पॉलियुरेथेनचे असतील तर आतून भरपूर ग्रीस लावा, नाहीतर आठवड्याभरात गाडी जुन्या दारासारखी करकरते. ग्रीस सिलिकॉनचंच किंवा बुशाबरोबर आलेलं. रबरी बुशाला साधं पेट्रोलियमचं ग्रीस लावलं तर रबर फुगून मऊ पडतं.

नवा बार जागेवर घेऊन सगळे बोल्ट आधी हाताने लावा, पाना लावू नका. हाताने चार-पाच आटे सहज गेले पाहिजेत. मग बार डावी-उजवीकडे मोजून मध्यावर आणा आणि ब्रॅकेट आवळा. टॉर्कचे, म्हणजे किती जोराने आवळायचं याचे, आकडे मॅन्युअलमधलेच घ्या. अंदाज यावा म्हणून : ८.८ ग्रेडचा साधा एम-८ (८ मिमी जाडीचा) बोल्ट साधारण २५ न्यूटन-मीटरला आणि एम-१० पन्नासच्या आसपास आवळतात. बोनेटएवढा लांब पाना घेऊन जोर लावला की आटे ताणले जातात, आणि ताणलेला बोल्ट घाटात तुटतो, अंगणात नाही.

लिंक लावताना भोक निवडा. टोकाकडचं भोक मऊ, आतल्या बाजूचं कडक, कारण आतल्या भोकाने पिळणारा हात आखूड होतो. दोन्ही बाजूंना एकच भोक. पहिल्यांदा सगळ्यात मऊ, आणि जून ते सप्टेंबर तर मऊच. लिंकला बॉल जॉइंट असेल तर नट इथेच आवळता येतो. रबरी बुशाची लिंक असेल तर इथे फक्त बेताचं आवळा आणि शेवटचं आवळणं गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असताना करा, नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

जॅकने एका बाजूचा आर्म हळूहळू वर दाबत बघा, पण त्या बाजूचं वजन स्टँडवरून सुटू देऊ नका. बार सायलेन्सर, टाकी, ब्रेकची नळी, हॅन्डब्रेकची केबल यांपैकी कशालाही लागता कामा नये. बोटाएवढी फट सगळीकडे हवी. दुसऱ्या बाजूलाही तसंच करा. मग चाकं लावा, गाडी खाली घ्या, नट आडवे-तिडवे क्रमाने टॉर्क रेंचने आवळा. प्रत्येक बोल्ट आणि ब्रॅकेटवरून पांढऱ्या पेंटची एक सलग रेघ ओढा. बोल्ट सैल झाला की रेघ तुटलेली दिसते, पाना लावायची गरज पडत नाही.

पहिली फेरी

घरासमोरच्या रस्त्यावर वीसच्या वेगाने एक चक्कर. स्पीड ब्रेकर तिरका ओलांडा. ठक असा आवाज आला तर लिंक सैल आहे, करकर आली तर बुश कोरडा. परत येऊन रेघा बघा.

मग कोरड्या दिवशी, सकाळी लवकर, रिकाम्या मोकळ्या जागेत मोठा गोल घ्या. वेग हळूहळू वाढवा. आधी जिथे नाक बाहेर जायचं तिथे आता गाडी कशी वागते ते समजून घ्या. वर्दळीच्या रस्त्यावर किंवा घाटात ही परीक्षा करू नका, तिथे समोरून येणाऱ्याने तुमच्या प्रयोगाला होकार दिलेला नसतो. गाडीत ईएससी (गाडी घसरू लागली की आपोआप सावरणारी यंत्रणा) असेल तर ते चालू ठेवा. नसेल तर मऊ भोकाच्या पुढे जाऊच नका.

चालवण्याची सवय मात्र तुम्हालाच बदलावी लागते. ब्रेक वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर लावा. वळणात शिरल्यावर ऍक्सिलरेटर हलकासा धरून ठेवा, एकदम सोडू नका. घरातलं दुसरं कुणी तीच गाडी चालवत असेल, मुलगी, भाऊ, वहिनी, तर त्यांना शेजारी बसवून हा फरक दाखवा. त्यांना न सांगता गाडीचा स्वभाव बदलणं बरोबर नाही.

शंभर किलोमीटरनंतर आणि परत पाचशे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट टॉर्क रेंचने तपासा. सबफ्रेम हलवला असेल किंवा आर्मचा कुठलाही बोल्ट सोडला असेल तर अलाइनमेंट करून घ्या. पावसाळ्याआधी मे महिन्यात आणि चवथीच्या सुमाराला गाडी उचलून ब्रॅकेटजवळ पत्र्याला तडा, बारच्या रंगाला खरवड, लिंकच्या टोप्यांना चीर आहे का ते बघा. रंग उडाला असेल तिथे लगेच प्रायमर लावा, कारण बारला तडा बहुतेक गंजाच्या खड्ड्यातून सुरू होतो.

जुना बार, बुश आणि ब्रॅकेट ग्रीस लावून गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवा. पुढे गाडी विकायची झाली, विमा कंपनीने नकार दिला, किंवा एका पावसाळ्यानंतर तुम्हालाच नको वाटलं, तर दोन तासांत मूळची गाडी परत मिळते. मी तसंच केलं होतं, आणि आईला नेताना अजूनही कंपनीच्या मूळ बारचीच गाडी नेतो.